मिसरूड फुटलं म्हणजे वय चोरलं असं नाही

ऐरोलीच्या मैदानावर १४ वर्षांखालच्या मुलांचा सामना लागला की कडेला उभा असलेला कोणी ना कोणी पालक कुजबुजतोच, "हा १४चा? मिसरूड बघा त्याचं!" मुलांना शिकवायला लागलो तेव्हा मीही असंच बोलायचो. एका दांडग्या पोराला त्याच्या बाबांदेखत वयचोर म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते महापालिकेचा जन्मदाखला घेऊन आले. पोरगा १३चा होता. मान वर करायला जागा उरली नाही.

चूक इथेच होते. मुलगे वयात यायला ९ ते १४ यांदरम्यान कधीही सुरुवात होते, मुली ८ ते १३ यांदरम्यान. त्यामुळे एकाच बाकावरच्या दोन १३ वर्षांच्या मुलांत एकाचा आवाज फुटलेला असतो, दुसरा अजून बारक्याच असतो. दोघंही ठणठणीत. वाढीचे टप्पे ठरवणाऱ्या डॉ. जेम्स टॅनर यांनी स्वतःच १९९८ मध्ये सहलेखकासोबत लिहून बजावलं होतं, की हे टप्पे वय काढायला वापरू नका. अक्कलदाढेचंही तेच: कुणाला १७व्या वर्षी येते, कुणाला पंचविशीत, कुणाला येतच नाही.

"मग बोन टेस्ट करा ना!" डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून कळतं ते हाडांचं वय, जन्मतारीख नव्हे. क्रिकेट मंडळ ही चाचणी वापरतं, पण ती गटात बसवण्यापुरती. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अंदाजात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक धरायला सांगितलं होतं. अहवालात '१४ ते १६' असेल, तर आपल्याला सोयीचा आकडा तेवढा उचलू नका.

आधी कागद बघा. बाल न्याय कायदा, २०१५ मधला क्रमही तसाच आहे: शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधार कार्ड त्या यादीत नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला तर मात्र जन्मदाखलाही मागा. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी किती पोरं त्या एका दिवशी जन्माला घातली, त्याची गणती नाही!

हे सगळं नावनोंदणीच्या वेळीच उरका. नाणेफेकीनंतर शंका आलीच, तर आयोजकांकडे लेखी हरकत द्या. पोराला मैदानात उभं करून न्याहाळत बसू नका.