पहिल्यांदाच मुलांकडे अमेरिकेला जाताना

तिकीट मुलाने काढलं, फॉर्म मुलीने भरले, विमा जावयाने घेतला आणि आई-बाबांच्या हातात फक्त पासपोर्ट, असं बऱ्याच घरांत होतं. मग न्यूयॉर्कजवळच्या न्यूआर्क विमानतळावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहिलं की ‘कुठे राहणार?’ या साध्या प्रश्नालाही घाम फुटतो. प्रवास तुम्ही करणार आहात, तर त्यातलं पुढचं पाऊल तुम्हाला स्वतःला ठाऊक हवं. तयारी साधारण दोन महिने आधी सुरू करा.

तिकीट

पहिल्या खेपेला परवडत असेल तर थेट विमान घ्या. मुंबईहून न्यूयॉर्क परिसरात पोचायला १५-१६ तास लागतात, कधी थोडे जास्तच. अंग आंबून जातं हे खरं, पण दमलेल्या अवस्थेत अनोळखी विमानतळावर गेट शोधत फिरण्यापेक्षा ते बरं. मध्ये विमान बदलायचंच असेल तर किमान तीन तास हाताशी ठेवा आणि सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असू द्या, म्हणजे पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच उरकतं, त्यामुळे तिथे वेळ आणखी जास्त ठेवावा.

गुडघे साथ देत नसतील, चालताना दम लागत असेल तर व्हीलचेअर मागायला संकोच नको. बुकिंग करतानाच, निदान ४८ तास आधी कळवा. त्याचे पैसे पडत नाहीत. नुसती इंग्रजीची धास्ती असेल तर मात्र व्हीलचेअर अडवू नका. तिची खरी गरज असलेले लोक ताटकळत बसलेले असतात. त्याऐवजी सोबतीला माणूस देण्याची सेवा आहे का, ते कंपनीला विचारा. शाकाहारी, जैन किंवा मधुमेहाचं जेवणही आधीच नोंदवायचं. जागा खिडकीची नको, मधल्या वाटेच्या कडेची घ्या. उठता-बसता कुणाला विनवावं लागत नाही.

विमा आणि औषधं

इथे काटकसर करू नका. अमेरिकेत पाहुण्यांसाठी सरकारी आरोग्य विमा नाही आणि एका रात्रीच्या इस्पितळाचं बिलही घर हादरवू शकतं. स्वस्त पॉलिसीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, उरलेलं सगळं मुलांच्या खिशातून जातं. एकूण बिलाचा मोठा वाटा उचलणारी पॉलिसी महाग असते, पण घ्यायची तर तीच. जुना रक्तदाब, मधुमेह, बायपास असेल तर ‘आधीपासूनच्या आजारा’बद्दलची अटी-शर्तींची पानं मुलांना तुमच्यासमोर वाचायला लावा. सत्तरीनंतर विम्याची कमाल रक्कमही बऱ्याच ठिकाणी कमी होते.

मुक्कामभर पुरतील एवढी औषधं त्यांच्या मूळ वेष्टनात घ्या. डॉक्टरांकडून टाइप केलेली चिठ्ठी घ्या, आणि तिच्यात कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं जेनेरिक नावही असू द्या. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून वाया जाऊ शकतं. आखातातून जाणार असाल तर ट्रामाडॉल, कोडीनसारख्या वेदनाशामकांवर तिथे कडक निर्बंध आहेत, हे लक्षात ठेवा.

बॅगेत काय नको

आईचा जीव अडकतो तो इथे. लेकीसाठी सगळंच न्यावंसं वाटतं. बहुतेक तिकिटांवर २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, तरी स्वतःचं तिकीट तपासा. चिवडा, चकल्या, लाडू, कुळथाचं पीठ, मेतकूट, हळद-तिखट खुशाल न्या. सुकं खोबरं मात्र विमानात चालत नाही. त्यात तेल असल्याने ते पेट घेण्याचा धोका असतो. खसखस तर अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात, आणि अनारशांवर लावलेली खसखसही खसखसच असते. दुबई किंवा अबुधाबीहून जाणार असाल तर अनारसे घरीच राहू द्या. गोडा मसाला न्यायचा असेल तर खसखस-खोबरं वगळून करा.

कढीपत्ता, ताजी फळं, भाज्या, बियाणं, मांस अमेरिकेत नेता येत नाही. हापूसही नाही. २००७ पासून भारतीय आंबा तिथे जातो, पण विकिरण प्रक्रिया (कीड मारण्यासाठी किरणांचा मारा) केलेला, व्यापारी मालातूनच. खाण्याचं जे काही न्याल ते कस्टम्सला विचारल्यावर सांगून टाका. सांगितलेला पदार्थ फार तर काढून घेतात; लपवलेला सापडला तर पहिल्या वेळीही १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. लोणचं आणि तूप मोठ्या बॅगेतच, दोन पिशव्यांत गुंडाळून. मिक्सर नेऊ नका, तिथली वीज १२० व्होल्टची आहे. कुकर नेलात तर चालेल.

विमानात

केबिनमधली हवा फार कोरडी असते, म्हणून तहान नसली तरी घोट घोट पाणी पीत राहा. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसलं की पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारा आणि बसल्या जागी घोटे फिरवा. पूर्वी गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे घ्या.

उतरल्यावर

हातातल्या पर्समध्ये एक कागद ठेवा: मुलाचा पूर्ण पत्ता, फोन, किती दिवस राहणार, परतीची तारीख. इमिग्रेशनचा अधिकारी बहुधा हेच विचारतो. विचारलं तेवढंच आणि खरं तेच सांगा. प्रश्न कळला नाही तर दुभाषा मागता येतो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्कामाची मुदत तो अधिकारी ठरवतो. ती बहुधा सहा महिन्यांची असते आणि आय-९४ या नोंदीत येते. घरी पोचलात की मुलांकडून ती तारीख लगेच पाहून घ्या आणि परतीचं तिकीट त्याआधीचंच असू द्या. पुढे अमेरिकेतल्याच दुसऱ्या शहरात जायचं असेल तर सहसा पहिल्या विमानतळावर बॅगा स्वतः पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात. ही गोष्ट अनेकांना ऐन वेळी कळते.

घरात

पहिल्याच दिवशी बाथरूम समजून घ्या. आपल्याकडे फरशीवर पाणी ओतलं की मोरीतून जातं. तिथे टबाबाहेरच्या फरशीला बहुधा मोरीच नसते. पडदा टबाच्या आत सोडायचा, सांडलेलं पाणी पुसायचं, नाहीतर ते झिरपून खालच्या छताला डाग पडतो. टबाची कड उंच असते, म्हणून आत न घसरणारी चटई आणि धरायला दांडी तुम्ही जाण्याआधीच बसवून घ्यायला सांगा.

फोडणीच्या धुराने घरातली आगीची सूचना देणारी घंटा वाजू शकते. आधी एक्झॉस्ट लावा, मग मोहरी टाका. वाजलीच तर घाबरू नका, खिडकी उघडा.

उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, कॅलिफोर्निया साडेबारा. पहाटे तीनला टक्क जाग आली तरी दुपारी झोपायचं नाही; सकाळी उन्हात चाला. हळूहळू शरीर वळणावर येतं.

त्यानंतरचा त्रास एकटेपणाचा असतो. मुलं कामावर जातात आणि गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. म्हणून जाण्याआधीच मुलांशी स्पष्ट बोला: आठवड्यातून कोण कुठे सोडेल, चालत जाण्याजोगी लायब्ररी किंवा बाग आहे का, स्वयंपाक कोण कधी करणार. नातवंडांचा दिवसभराचा भार न बोलता तुमच्यावर येऊ देऊ नका. बृहन्महाराष्ट्र मंडळ उत्तर अमेरिकेत १९८१ पासून आहे आणि बऱ्याच शहरांत मराठी मंडळं आहेत. जवळच्या मंडळाचा ज्येष्ठांचा गट असेल तर त्याचा फोन नंबर मुंबईत असतानाच मागवून घ्या आणि पहिल्या आठवड्यातच फोन करा.