जुन्या पिकअपचा आवाज शोधायला बसण्याआधी

सेकंडहँड पिकअप रिकामी चालवून पाहिली तर बहुतेक वेळा गप्प असते. माल भरून चढाला लागली की मागून गुणगुण, खालून टंग, पुढून किरकिर सुरू होते. मग अंदाजाने एकेक सामान बदललं जातं. आज सेंटर बेअरिंग (गिअरबॉक्सपासून मागे ताकद नेणाऱ्या लांब शाफ्टला मध्ये धरणारं), पुढच्या आठवड्यात क्रॉस (त्याच शाफ्टचा सांधा), त्यानंतर चाकाचं बेअरिंग. खिसा रिकामा होतो आणि आवाज जागच्या जागी राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच गोष्ट पक्की करायची: आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो, गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, की ओझ्याबरोबर. खालची सगळी तयारी त्याच्यासाठी आहे. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा अशा, मागची चाकं ओढणाऱ्या आणि मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेल्या डिझेल गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ती सांगितली आहे.

एक सकाळ मोकळी ठेवा आणि मदतीला एक माणूस घ्या; एकट्याने हे काम नीट होत नाही. सामान फार लागत नाही. टॉर्च, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, खडू, मल्टिमीटर, टायरची हवा मोजायचं गेज, स्वच्छ पारदर्शक बाटली, पाण्याचा स्प्रे, ग्रीस गन, जुने पुठ्ठे, जॅक, दोन मजबूत स्टँड आणि चाकांना लावायला लाकडी ठोकळे. गाडी कॉमन रेल इंजिनाची (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जोरदार दाबाने डिझेल देणारी) असेल तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले कोड वाचणारं यंत्र, जवळ हवाच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. आधी ठोकळे, मग जॅक, मग स्टँड, आणि गाडी स्टँडवर टेकवून हाताने हलवून पाहिल्यावरच खाली जायचं.

काम आदल्या रात्रीपासून सुरू होतं. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल (मागच्या चाकांमधला गिअरांचा गोळा) यांच्या खाली पुठ्ठे सरकवा आणि सकाळपर्यंत चावी फिरवू नका. गाडी अजून घ्यायची असेल तर मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर तपासणी दुसऱ्या दिवशी ठेवा, कारण गार इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. सकाळी पुठ्ठ्यावरचे डाग बघा. काळा डाग इंजिन ऑइलचा. दाट आणि नाकात बसणारा उग्र वास असलेला गिअर ऑइलचा. हिरवट किंवा गुलाबी, चिकट डाग कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइल किंवा हौसिंगच्या (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या जाड नळीच्या) टोकाचं ऑइल सील, दोन्हींपैकी काय ते ड्रम उघडल्यावर कळेल.

चावी लावण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल कमी असेल तर आवाजाचं कारण तिथेच असू शकतं. पण वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ते जास्त काळजीचं आहे. बीएस-६ गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करायला जादा डिझेल वापरतो. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल तर ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं लवकर जातात. त्यानंतर ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघा, आत सायीसारखा पांढरट थर आहे का. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडायचं. बॅटरी रात्रभराच्या विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी.

टायर याच वेळी बघून घ्या, कारण निम्मी फसगत तिथे होते. दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा आणि मग नक्षीवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर तो टायर रस्त्यावर हुबेहूब गेलेल्या बेअरिंगसारखा घुमतो.

आता मदतनीसाला चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही बॉनेटपाशी उभे राहा. गार डिझेल इंजिनाची टकटक स्वाभाविक आहे. ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. वरून बारीक, एकसारखी टिकटिक येत असेल तर टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट वाढली असावी. एकाच जागेवरून कोरडा, टोचणारा टकटकाट आला तर इंजेक्टरवर संशय घ्या. खालून, चेंबरकडून (ऑइल साठतं त्या तळाकडून) जड ठोका आला आणि इंजिन गरम झाल्यावर तो वाढला, तर लगेच बंद करा. तो कनेक्टिंग रॉडच्या किंवा मेन बेअरिंगचा ठोका असण्याची शक्यता मोठी. आणखी चार किलोमीटर चालवलं तर क्रँक खराब होऊन खर्च कितीतरी पटीने वाढतो.

नेमकी जागा शोधायला स्क्रू ड्रायव्हर काढा. पोलादी टोक पहिल्या इंजेक्टरच्या बुडाशी घट्ट टेकवा आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडावर दाबा. इंजिनाचा गोंगाट मागे पडतो आणि त्या एका जागेचा आवाज हाडातून येतो. मग दुसरा, तिसरा, चौथा. तोच दाब, तेवढाच वेळ. तीन सारखे आणि एक वेगळा लागला की त्याच्या शेजारी खडूची खूण. याच पद्धतीने अल्टरनेटर आणि वॉटर पंप ऐका. निरोगी बेअरिंगचा आवाज गुळगुळीत येतो, गेलेल्याचा वाळू चावल्यासारखा. मात्र गळ्यातला गमछा काढून ठेवा, बाह्या वर सारा आणि पंखा व बेल्टपासून हात लांब ठेवा.

एक सवय इथे सोडावी लागेल. जुन्या पंपाच्या इंजिनात, कुठला सिलेंडर मारत नाही हे बघायला चालू इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करत. कॉमन रेल इंजिनावर हे चुकूनही करू नका. त्या पाइपातलं डिझेल हजार बारच्याही पुढच्या दाबाने फिरत असतं आणि त्याची बारीक धार कातडी भेदून आत जाते. अशी जखम वरून क्षुल्लक दिसते, पण आतून हात निकामी करू शकते. त्याऐवजी स्कॅनरवर चारही इंजेक्टरांचे आकडे बघा किंवा माहीतगार फिटरकडून रिटर्नची चाचणी करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडतात. एकाची बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली की गळका इंजेक्टर सापडला.

बेल्टची किरकिर असेल तर चालू बेल्टवर लांबूनच पाण्याचा फवारा मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बेल्ट कडक झालाय किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. उलट वाढला तर बेल्ट सैल आहे. दोन्हीपैकी काहीच झालं नाही तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा.

क्लचची चाचणी फुकट आहे आणि फार काही सांगते. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. पाय क्लचवर नसताना घरघर आहे आणि दाबल्यावर थांबते, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावरच आवाज येतो, म्हणजे रिलीज बेअरिंग. पहिल्यात गिअरबॉक्स उघडावा लागतो, दुसऱ्यात नुसता उतरवावा लागतो. त्यामुळे हा फरक फिटरकडे जाण्याआधी तुम्हाला माहीत हवा.

आता गाडी ओढत नाही या तक्रारीकडे. इंजिन खोलायची भाषा करण्याआधी ब्रेक बघा. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर, शक्य तितके कमी ब्रेक मारत चालवा आणि थांबल्यावर हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ आणि डिस्कजवळ न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय: अडकलेला व्हील सिलेंडर, गंजलेली हँडब्रेकची केबल किंवा जाम झालेला कॅलिपर. अशा गाडीचे इंजेक्टर विनाकारण बदलले जातात. त्यानंतर क्लच: चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरला पूर्ण रेस द्या. फेऱ्या वर गेल्या आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट सरकतेय.

ही दोन्ही कारणं बाद झाली की मग हवा आणि डिझेल. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. डिझेल फिल्टरच्या खालचा नळ सोडून पारदर्शक बाटलीत अर्धा ग्लास डिझेल घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर ते तळाशी बसतं आणि वर डिझेलची रेष स्पष्ट दिसते. थेंब-दोन थेंब ठीक, बोटभर थर असेल तर टाकीच उतरवून धुवावी लागेल. टर्बोचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे) होज पाइप हाताने दाबून, वळवून बघा. आत तेलाचा पातळ थर असतोच. पण बाहेरून एका जागी तेलाने ओलं आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर तिथे चीर आहे. रेस दिल्यावर शिट्टी वाढणं, काळा धूर आणि ओढ नसणं ही तिन्ही एकत्र आली की शंका फारशी उरत नाही. टर्बोचा पंखा गार असताना बोटाने हलवा: आडवी किंचित हालचाल चालते, आत-बाहेर सरकला किंवा कडेला घासला तर टर्बो संपलाय.

धुराचा रंग लिहून ठेवा. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, यात उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्हही (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आला. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल. पांढरा, गोडसर वासाचा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट, आणि मग हेड गॅस्केट. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून बॅक कंप्रेशन (पिस्टनच्या कडेने खाली गळणारा वायू) बघतात, ते गरम इंजिनावरच बघा. टर्बो डिझेलला थोडी वाफ असतेच. झाकण उडण्याइतका जोर आणि डिपस्टिकच्या नळीतून धूर असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगा गेल्या. चढावर मध्येच ओढ जाऊन, चावी बंद-चालू केल्यावर परत येत असेल तर इंजिनाचा संगणक स्वतः ताकद कमी करतोय. त्याने साठवलेले कोड आधी वाचून लिहून घ्या. कोड पुसून मग विचार करणं म्हणजे पुरावा धुऊन टाकणं.

खालची बाजू निवांत बघायची, कारण पिकअपचे बहुतेक आवाज तिथलेच असतात. चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागे ताकद नेणारा तो लांब शाफ्ट, दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिरगळा आणि नजर क्रॉसवर ठेवा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपांच्या कडेने तांबडी, गंजाची भुकटी दिसली तर तो क्रॉस कोरडा पडलाय. रिव्हर्समधून पुढच्या गिअरमध्ये जाताना येणारा टंग आणि पायी चालण्याच्या वेगाला येणारी चिवचिव त्याचीच. ग्रीस चारही कपांतून नवं बाहेर येईपर्यंत भरा, एक कप अडला तर क्रॉस बदलायचा. शाफ्ट उतरवण्याआधी प्रत्येक जोडावर खडूने रेघ मारा. दोन तुकड्यांच्या शाफ्टची स्प्लाइन (एकमेकांत सरकणारे दाते) एक घर चुकून बसली तरी नवी थरथर जन्माला येते. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं असेल तर थरथर माल भरून निघताना जास्त जाणवते.

डिफरन्शिअलची गुणगुण रेस दिल्यावर एक आणि रेस सोडल्यावर वेगळी असेल तर क्राउन-पिनियन, म्हणजे आतली मुख्य गिअरजोडी. दोन्ही वेळी सारखी असेल तर बेअरिंग. फक्त वळणावर कटकट आली तर आतली लहान गिअरं. हौसिंगचा भरायचा बोल्ट आधी सोडा, तो सुटतोय याची खात्री झाल्यावरच खालचा; खालून ऑइल सांडलं आणि वरचा गंजून बसला तर गाडी तिथेच उभी. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावरचा लगदा दोन बोटांत चोळा. शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखा मऊ असेल तर ती नेहमीची झीज आहे. टोचणारे, चमकणारे कण लागले तर दात किंवा बेअरिंग सुटतंय.

पाट्यांना धूळ असते, म्हणून ब्रशने साफ करून मग बघा. तुटलेला पाटा सेंटर बोल्टच्या आसपास आणि बहुधा एका बाजूलाच सापडतो. सपाट जागेवर हौसिंगपासून चेसिसपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं की कळतं. कंपनीच्या पाट्यांवर एखादा वेगळ्या जाडीचा पाटा चढवलेला दिसला, तर ही गाडी आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त माल ओढत आली आहे हे गृहीत धरा आणि डिफरन्शिअल, हबची बेअरिंगं, चेसिसचे जोड पुन्हा एकदा बघा. निघताना आणि ब्रेक मारताना एकच धप्प आवाज येत असेल तर पाटे हौसिंगला आवळणारे यू-बोल्ट सैल.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ढिलाई असेल तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे ढिलाई असेल तर स्टीअरिंगचे टाय रॉड.

शेवटी रस्ता, तोही आधी रिकामी गाडी आणि मग माल भरून. पहिल्या फेरीआधी फाळक्याच्या कड्यांना, जॅकला आणि स्टेपनीच्या साखळीला चिंध्या गुंडाळा. हौद्याचा खडखडाट गेला की खरा आवाज उरतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ला गाडी न्यूट्रलमध्ये टाका. आवाज फेऱ्यांबरोबर पडला तर क्लचच्या पुढे, इंजिनाकडे शोधा, वेगाबरोबर तसाच राहिला तर मागे, चाकांकडे. चाकाची घरघर वाटत असेल तर किंचित डावीकडे ओढून बघा: वजन उजव्या बाजूवर जातं आणि आवाज वाढला तर बेअरिंग उजवं. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर टायर; खात्री करायला टायर पुढेमागे बदलून तोच रस्ता पुन्हा चालवा.

प्रत्येक आवाजापुढे वेग, गिअर, रिकामी की भरलेली, गार की गरम, एवढं लिहून कागद फिटरला द्या, आणि एका वेळी एकच सामान बदला. चाकं काढली असतील तर ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. पाट्यांचं काम झालं असेल तर पहिली भरलेली फेरी मारून आल्यावर यू-बोल्ट, गाडीवर माल असतानाच.