ओळखीतून माणूस घेताना

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातायचं शॉप आहे, चाळीसेक माणसांचं. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर हवा असला की पूर्वी गेटवर पाटी लावायचो. बायोडाट्यांचा ढीग पडायचा, आणि निम्म्यांना माप घ्यायचा व्हर्नियर धड वाचता यायचा नाही. नोकरीच्या साइटवरही तेच, फक्त फोन जास्त. कन्सल्टंट माणूस देतो, पण एका पगाराएवढं बिलही देतो. सातपूरच्या आयटीआयची पोरं शिकाऊ म्हणून उत्तम. पण उद्याच्या रात्रपाळीला त्यांच्याकडे मशीन सोपवता येत नाही.

म्हणून आता आधी आपल्याच माणसांना विचारतो. "कोणी आहे का रे?" असं मोघम विचारलंत की मेव्हणा येतो. काम नेमकं सांगा: फानुक कंट्रोल (मशीन चालवणारी संगणक-प्रणाली), ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) स्वतः देता यायला हवा, ड्रॉइंग वाचता यायला हवं, पाळी अमुक, पगार तमुक. मग सुचवणाऱ्याला चहाला न्या आणि विचारा, "रात्री तुझ्या शेजारच्या मशीनवर हा चालेल?" तो घुटमळला तर पुढे जाऊ नका.

चाचणी मात्र सगळ्यांना सारखीच. एक जॉब, एक मायक्रोमीटर, अर्धा तास. त्या वेळी सुचवणारा आसपास नको. पोरगा नापास झाला तर नकार मी स्वतः कळवतो. सुचवणाऱ्याला गावात तोंड दाखवायचं असतं. माणूस सुचवल्याचं बक्षीस निम्मं तीन महिन्यांनी, उरलेलं सहा महिन्यांनी. रुजू होताच सगळं देऊन मी एकदा हात पोळलेत.

माझी खरी चूक वेगळीच. दिंडोरी तालुक्यातल्या एकाच गावचे पाच जण घेतले. पाचही कामाला वाघ. चैत्रात पाचही जण सप्तशृंगी गडावर पायी निघाले आणि दुसरी पाळी ओस पडली. तेही चाललं असतं, पण पुढे ओव्हरटाइमवरून एकाचं सुपरवायझरशी वाजलं आणि आठवड्यात तिघं गेले. तेव्हापासून एका पाळीत एका गावचे दोनच, आणि दर चौथी जागा बाहेरून.

बाहेरून घेण्याला आणखी एक कारण आहे. आमच्या पोरांनी आजवर एकही मुलगी सुचवलेली नाही. तपासणीच्या टेबलावरच्या दोघी जाहिरातीतूनच आल्या. त्यातली एक आता आयटीआयची मैत्रीण घेऊन येतेय. सोमवारी तिची चाचणी आहे, आणि त्या अर्ध्या तासात सुचवणारीला स्टोअरला पाठवायचंय.