बगॅसच्या राखेवर संशोधन: निधीसाठी अर्ज करण्याआधीची तयारी

साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस (उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा) जळून राहिलेली राख काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटऐवजी वापरता येते का, यावर महाविद्यालयातून संशोधन करायचं, तर सगळ्यात आधी कारखान्याचं पत्र. प्रस्तावाचं पहिलं पान लिहिण्याआधी, बजेटचा तक्ता उघडण्याआधी, प्राचार्यांच्या सहीसाठी फाइल पाठवण्याआधी. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी या पट्ट्यात साखर कारखान्यांची कमतरता नाही, त्यामुळे राख काय, केव्हाही मिळेल असं लोक गृहीत धरतात. तशी ती मिळत नाही. गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. मंजुरी मे महिन्यात हातात आली की बॉयलर थंड झालेला असतो. पुढच्या हंगामात चीफ केमिस्ट बदललेले असतात आणि फोनवर 'या की कधीही' म्हणणारं कुणी उरत नाही. राख नाही म्हणजे चाचणी नाही, चाचणी नाही म्हणजे पहिल्या वर्षाचा पैसा पडून, आणि पैसा पडून राहिला की पुढचा हप्ता अडकतो.

पत्र लेटरहेडवर हवं. जावक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही करणाऱ्याचा हुद्दा हवा. सहकारी कारखाना असेल तर संचालक मंडळाचा ठराव लागेल का, ते आधीच विचारून घ्या. बैठक महिना-दीड महिना लांबू शकते. पत्र कन्नडमध्ये आलं तर इंग्रजी भाषांतर सोबत जोडा.

पत्रात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: किमान दोन हंगाम नमुने घेण्याची परवानगी, राख नेमकी कुठली, किती, आणि निष्कर्ष छापण्याची मुभा. कारखाने अडतात ते या चौथ्या मुद्द्यावर. साखर उद्योग प्रदूषण मंडळाच्या लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या वर्गात येतो. तुमचा अहवाल उद्या आपल्याविरुद्ध वापरला जाईल ही त्यांची धास्ती खरी आहे. म्हणून मसुदा तुम्हीच करून न्या. कारखान्याचं नाव छापणार नाही आणि छापण्याआधी निष्कर्ष दाखवू, हे त्यात लिहा. रिकाम्या हातांनी गेलात तर हेलपाटेच होतील.

'नेमकी कुठली' हे शब्द साधे वाटतात, पण निम्मा प्रकल्प त्यावर उभा असतो. धूर पाण्याने धुणाऱ्या स्क्रबरमधून येणारी राख ओली, ईएसपीची (विजेच्या भाराने धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राची) कोरडी आणि बारीक, तळाच्या राखेत अर्धवट जळलेला बगॅस. आयएस 3812 (भाग 1) या भारतीय मानकात फ्लाय ॲशसाठी (कोळशाच्या बारीक राखेसाठी) जळण-घट (राख पुन्हा तापवल्यावर कमी होणारं वजन) जास्तीत जास्त 5 टक्के धरली आहे. तुलना त्याच्याशीच होणार, आणि तळाची राख तिथेच नापास होण्याची शक्यता जास्त. बॉयलर पेटवल्यावरचे पहिले काही दिवस नमुना घेऊ नका. वीजनिर्मितीसाठी कोळसा मिसळतात का, हेही विचारा. मिसळत असतील तर तुमच्या हातात बगॅसची राख नाही.

'किती' याचा हिशेब करा. पाच मिश्रणं, 7, 28, 56 आणि 90 दिवसांनी चाचणी, प्रत्येकी तीन क्यूब (काँक्रीटचे ठोकळे): 60 क्यूब. 150 मिमीचे 60 क्यूब म्हणजे सुमारे 0.2 घनमीटर काँक्रीट, वाया जाणारं धरून पाव घनमीटर. घनमीटरला 350 किलो बाइंडर (सिमेंट आणि राख मिळून), त्यात सिमेंटच्या जागी राख 0 ते 20 टक्के, सरासरी 10. राख लागते जेमतेम नऊ किलो. चाळणी, दळण आणि टिकाऊपणाच्या चाचण्या धरून एका खेपेला 50 किलो कोरडी राख पुरे. ट्रॉलीभर मागू नका. आकडा लहान दिसला की सही लवकर मिळते. 90 दिवस मात्र वगळू नका, पोझोलानचा (सिमेंटसोबत हळूहळू घट्ट होणाऱ्या अशा राखेचा) खरा परिणाम उशिराच दिसतो.

पैसे कुठे मागायचे? राज्याच्या विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेची विद्यार्थी प्रकल्प योजना कर्नाटकातल्या महाविद्यालयांसाठी आहे. रक्कम लहान, पण त्यातून निघालेले एक्सआरएफचे (राखेतले घटक मोजणाऱ्या चाचणीचे) रिपोर्ट मोठ्या प्रस्तावाला प्राथमिक निष्कर्ष म्हणून जोडता येतात. केंद्राकडे जाताना जुन्या सर्बचा (केंद्राच्या संशोधन निधी मंडळाचा) अर्जाचा नमुना उतरवू नका. 2023 च्या कायद्याने आलेल्या एएनआरएफ या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानमध्ये सर्ब विलीन झालं आहे. खासगी संस्थेला एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलचा क्रमांक आणि पीएफएमएस (सरकारी निधी वाटपाची प्रणाली) नोंदणी लागते. ती आजच तपासा, शेवटच्या दिवशी पोर्टल रखडतं.

कोटेशन तीन घ्या, मुदत पाहा. कोल्हापूर-पुण्याचा विक्रेता परराज्यातला म्हणून आयजीएसटी लावणार, हुबळीचा केंद्र आणि राज्य असे जीएसटीचे दोन भाग. बेरीज तीच, पण तक्ता मिसळून टाकू नका. महागडं उपकरण मागण्याआधी आय-स्टेम या संशोधन उपकरणांच्या राष्ट्रीय पोर्टलवर जवळपास कुठे मिळतं ते शोधा, नाहीतर परीक्षक तेच विचारतील. जेआरएफचे (ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणजे प्रकल्पावरच्या संशोधकाचे) महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. हा भत्ता बजेटमध्ये राहून जातो.

आणि पत्र मिळालं का? नसेल तर अर्ज पुढच्या फेरीत करा.

मंजुरीनंतर: वेगळं खातं, मालमत्ता नोंदवही, प्रवासाची बिलं त्याच आठवड्यात. 31 मार्चनंतर जीएफआर 12-ए (केंद्राच्या वित्तीय नियमांतला नमुना) मध्ये विनियोग प्रमाणपत्र, व्याजाची रक्कम परत. प्रत्येक खेपेची अर्धा किलो राख हवाबंद डब्यात, वर तारीख आणि बॉयलर क्रमांक टाकून, प्रकल्प संपेपर्यंत ठेवा.