भिंतीला उबदार हिरवा देताना

पिस्ता म्हणून निवडलेला रंग भिंतीवर चढला की हॉस्पिटलची आठवण येते, असं बऱ्याच घरांत होतं. चूक बहुतेकदा शेडकार्डवरून निवडण्यात असते. दोन बोटांच्या चौकोनात फिका वाटणारा हिरवा चारही भिंतींवर गडद दिसतो, म्हणून मनात भरलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकीच घ्या. निळसर झाक नको, पिवळसर हवी. भिजवलेल्या मुगाची सालं डोळ्यांसमोर आणा.

आधी छोटा सॅम्पल डबा आणून समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवा. पूर्ण वाळल्यावर सकाळी, दुपारी आणि मुख्य म्हणजे रात्री दिवे लावून बघा. 6500 केल्विनची (केल्विन म्हणजे प्रकाशाची छटा मोजायचं एकक) पांढरी ट्यूब या रंगाची सगळी ऊब शोषून घेते. तोच रंग 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्यात खुलतो. आधी दिवे ठरवा, मग रंग.

छत शुभ्र पांढरं नको, किंचित क्रीम चालेल. सागवानी कपाट किंवा पितळी समई असेल तर हा रंग त्यांच्याशी छान जमतो. राखाडी सोफ्याशेजारी मात्र मला तो मलूलच वाटतो.