बेलापूरच्या खाडीत कयाकमधून शिंगाळा आणि लेपा कसा धरावा

शिंगाळा आणि लेपा हे मासे धरण्यासाठी खाडीत कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) उतरवण्याचा दिवस पंचांग पाहून ठरवावा. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाण असते आणि तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक फरक पडतो. एवढे पाणी साधारण सहा तासांत खाडीत शिरताना आणि पुन्हा बाहेर पडताना जी ओढ निर्माण होते, तिच्याविरुद्ध नवशिक्याला वल्हे मारणे जमत नाही. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे असतात आणि त्यांत पाण्याची ओढ सर्वांत कमी असते.

त्यातला नेमका दिवस निवडण्यासाठी कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीचा आकडा तीनने गुणून चारने भागला की भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ मिळते, मग पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. अष्टमीला ही वेळ सहाची येते, म्हणजे सकाळच्या भरतीसाठी अंधारातच निघावे लागते, आणि ते नवशिक्याने करू नये. एकादशीला हीच वेळ सव्वाआठची येते. उजाडताच सहाला निघावे, सव्वानऊपर्यंत गळ टाकावा आणि दहाच्या आत धक्क्याला परतावे, हे वेळापत्रक मला सर्वांत योग्य वाटते. ज्यांच्या घरी एकादशी पाळली जाते त्यांनी दशमी धरावी. तेव्हा भरती साडेसातला पूर्ण होते. या हिशेबाची मुंबई बंदराच्या छापील भरती-तक्त्याशी पडताळणी अवश्य करावी आणि खाडीत आत जावे तशी भरती थोडी उशिरा पोहोचते हेही लक्षात ठेवावे.

परतण्याच्या वेळेबाबत मी आग्रही आहे, कारण ओहोटी अर्ध्यावर आली की खारफुटीच्या कडेचा चिखल उघडा पडतो. तो वरून घट्ट दिसला तरी माणूस त्यात मांडीपर्यंत रुततो. मी एकदा अर्धा तास जास्त थांबलो आणि पुढची भरती कयाकखाली येईपर्यंत उन्हात बसून राहिलो. असे झालेच, तर उतरून चालण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. कयाकमध्येच बसून पाण्याची वाट पाहावी. शिवाय दुपारकडे समुद्राकडून वारा सुटतो आणि तो उतरत्या पाण्याच्या विरुद्ध वाहू लागला की आखूड, उभ्या लाटा उठतात. कयाकसाठी त्या फार वाईट असतात.

आता जागा. दिवाळे गावाच्या धक्क्यावरून निघायचे असेल, तर आदल्या दिवशी तिथल्या कोळी बांधवांना भेटून परवानगी घ्यावी आणि त्यांची जाळी कुठे लावलेली आहेत हे विचारून घ्यावे. खुंटे आणि बोये दिसतील तिथून दूर राहावे, कारण त्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. ऐरोली आणि वाशी या पुलांमधील ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. हौशी मासेमारीसाठी तिकडे जाऊ नये. पलीकडच्या, मुंबईच्या बाजूच्या तुर्भे (ट्रॉम्बे) किनाऱ्यावर भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, त्यामुळे त्या बाजूलाही वळू नये. बार्जच्या वाटेत नांगर टाकू नये आणि कारखान्यांचे सांडपाणी येणाऱ्या नाल्यांच्या तोंडाशी धरलेला मासा खाऊ नये. पावसाळ्यात हा उद्योग पूर्ण बंद ठेवावा. लाईफ जॅकेट अंगात घालूनच निघावे आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी.

साहित्य थोडेच लागते. हाताने सोडायची जाड तंगूस (नायलॉनचा दोर), तिच्या टोकाला साधारण ५० ते १०० ग्रॅमचे शिसे आणि शिशाच्या वीतभर वर आखूड दोरीवर एक गळ एवढे पुरते. शिंगाळ्याचे तोंड रुंद असते, त्यामुळे त्याला मध्यम गळ चालतो. लेपाचे तोंड मात्र लहान आणि वाकडे असल्याने त्याला करंगळीच्या नखाएवढा गळ हवा. आमिष म्हणून ताजी कोळंबी उत्तम. शिंगाळा गढूळ पाण्यात मिशांनी आणि वासाने अन्न शोधतो, म्हणून धुऊन पांढरे पडलेले आमिष दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलावे.

शिसे तळाला टेकले की दोर ढिला पडतो. तेव्हा तो वीतभर वर घ्यावा, नाहीतर शिसे आणि आमिष दोन्ही चिखलात गाडली जातात. शिंगाळ्यासाठी नांगर टाकून एका जागी थांबावे. लेपा मात्र दोन्ही डोळे एका बाजूला असलेला चपटा मासा. तो रेतीमिश्रित चिखलात अंग पुरून पडून राहतो आणि तळावरचे किडे व बारीक कोळंबी खातो. त्याच्यासाठी कयाक मंद ओढीवर वाहू द्यावी आणि आमिष तळालगत हळूहळू सरकू द्यावे. त्याची ओढ इतकी हलकी असते की दोर चिखलात अडकल्यासारखा वाटतो. त्या वेळी झटका न देता सावकाश उचलावे.

शिंगाळा वर आला की खरी काळजी सुरू होते. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन दातेरी, विषारी काटे असतात आणि घाबरला की तो ते ताठ करतो. त्याला उघड्या हाताने धरू नये. हातजाळ्यातच ठेवून पकडीने गळ सोडवावा. या माशाचा नर अंडी तोंडात सांभाळतो आणि त्या काळात काही खात नाही. असा नर गळाला क्वचितच लागतो, पण लागलाच तर ताबडतोब सोडून द्यावा.

काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, कारण उष्णतेने त्या विषाचा जोर मोडतो. पाण्याची उष्णता दुसऱ्या हाताने आधी तपासावी, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचे कळत नाही. यासाठी कयाकमध्ये गरम पाण्याचा थर्मास आणि एक डबा ठेवावाच. त्यानंतर काट्याचा तुकडा आत राहिला आहे का हे पाहण्यासाठी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जावे.

धरलेला मासा लगेच बर्फात ठेवावा. लेपा घरी आणल्यावर डोक्याजवळ आडवी चीर द्यावी, बोटांना मीठ लावून साल चिमटीत धरावी आणि शेपटीकडे एका दमात ओढावी. मासा ताजा असेल तर ती अखंड निघते.