मंडपात अ‍ॅम्प लावताना या चुका टाळा

टेस्टर लावला, लाल दिवा पेटला, 'आली लाईट' म्हणून पिन खोचली. कित्येक वर्षं मीही हेच करत होतो. मग एका जत्रेत दोन अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारे अ‍ॅम्प्लिफायर) एकदम गेले. मंडपाला थ्री फेज लाईन होती, हॅलोजन एका फेजवर आणि आमचा अ‍ॅम्पचा रॅक दुसऱ्या. भजनाला दहा मिनिटं झाली असतील, मिक्सरच्या टेबलावरचा पिवळा बल्ब एकाएकी पांढराफेक झाला. हे काय, म्हणेपर्यंत रॅकमधून 'फट्' आणि करपट वास. मल्टीमीटर लावला तर आमच्या सॉकेटवर ३४० व्होल्ट! बोर्डातल्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता, एवढंच.

न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले ४०० च्या आसपासचे व्होल्ट दोन्हीकडच्या लोडमध्ये वाटले जातात, आणि ज्या फेजवर लोड कमी तिच्या वाट्याला जास्त येतात. टेस्टर बिचारा २३० लाही पेटतो आणि ३४० लाही.

म्हणून आधी मीटर. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळपास हवं, फेज-अर्थ साधारण तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला काहीच दाखवत नसेल तर अर्थिंग नाहीच. न्यूट्रल-अर्थमध्ये पंधरा-वीस दिसले तर पिन खोचू नका, वायरमनला बोलवा. आणि हे माप मंडपातले सगळे हॅलोजन पेटवून घ्या. रिकाम्या लाईनवर ढिला न्यूट्रलही अगदी शहाण्यासारखा वागतो. आकडा टाकून लाईट घेणाऱ्या मंडळाला मी आता सरळ नाही म्हणतो. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्यावी.

दुसरी चूक याहून वाईट, कारण तिच्यात माणूस जातो. स्पीकरमधून हमिंग (सततची घूं घूं) येतंय म्हणून प्लगची वरची जाड पिन काढून टाकायची किंवा अर्थची वायर कापायची. हमिंग थांबतं, खरंय. पण माइकची जाळी केबलच्या शील्डमधून (तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टनातून) थेट अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेली असते. आत कुठे फेज बॉडीला टेकला तर तो निघणार बुवांच्या हातात, तेही ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या बुवांच्या. हमिंग घालवायचं तर मिक्सर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावरून घ्या, सिग्नलची केबल पॉवरच्या केबलपासून लांब न्या. तरी राहिलं तर सिग्नल लाईनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) हवाच.

केबलमध्ये कंजुषी नको. ५० मीटर लांबीची १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल १० अँपियरला तेरा-एक व्होल्ट वाटेतच खाते, २.५ ची घेतली तर आठ. ड्रमवरची केबल पूर्ण उलगडा. गुंडाळलेली राहिली तर आतल्या आत तापते, आणि इन्शुलेशन वितळल्यावरच कळतं. फ्यूज उडाला तर त्याच रेटिंगचा घाला. तांब्याची तार गुंडाळून 'चालतंय' म्हणणारे भेटतात, त्यांच्या रॅकजवळ उभं राहू नका.

जनरेटरवर असाल तर तो सुरू होऊन आवाज एकसारखा लागेपर्यंत थांबा, मीटर बघा, मग लोड टाका. डिझेल संपत आलं की व्होल्टेज हेलकावे खातं, त्याआधी अ‍ॅम्प बंद. चालू करताना मिक्सर आधी, अ‍ॅम्प शेवटी आणि तेही एकेक करून. सगळे एकदम दाबले की एमसीबी पडतो. बंद करताना उलटं, नाहीतर मिक्सरचा 'धप्प' सरळ स्पीकरच्या बॉक्सवर जातो.

ओहमचा, म्हणजे बॉक्सच्या विद्युत विरोधाचा हिशेब पोरं विसरतात. ओहम जितके कमी, तितका अ‍ॅम्पवर ताण जास्त. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४, चार जोडले की २. ब्रिजवर (अ‍ॅम्पचे दोन चॅनेल एकत्र जोडून) ४ ओहमचा लोड दिला तर आतल्या प्रत्येक चॅनेलला तो २ ओहमचा वाटतो. अ‍ॅम्पच्या पाठीमागे किमान किती ओहम ते छापलेलं असतं, वाचा.

हे सगळं जमलं तरी मंडळातला कुणीतरी येतोच, "दादा, आवाज वाढवा ना थोडा!" तेव्हा अ‍ॅम्पवरच्या क्लिपच्या (क्षमतेबाहेर गेल्याचं सांगणाऱ्या) लाल दिव्याकडे बघा. अधूनमधून चमकला तर ठीक, पेटूनच राहिला तर मास्टर खाली घ्या. नाहीतर टॉपमधला (वरच्या बॉक्समधला) ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, जळतो, आणि तो काही मंडळ भरून देत नाही.